पंख गळालेल्या फळांचं प्रकरण: चामर कुलातल्या दोन प्रजाती आणि रेणवीय पुरावा

या प्रकरणात दोन प्रजाती आहेत. प्रजाती म्हणजे इथं जवळच्या जातींचा गट. मोठीला ‘पंखी’ म्हणू, लहानीला ‘कंगोरी’. वनस्पतींची खरी नावं, डोंगर, संस्था आणि माणसं मुद्दाम वगळली आहेत. गटात मी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, बाजूनं होतो. नमुने शोधणं, ते ओळखणं आणि फळं कापून भिंगाखाली पाहणं हे माझं काम. डीएनएचं काम एका तरुण सहकारीकडे होतं आणि शेवटचा शब्द गटप्रमुख बाईंचा. त्या दोघींची बाजू मी त्यांच्याशी बोलून लिहिली आहे. तरी चुकांची वाटणी करताना माझा हात थोडा सैल पडला असेल, हे वाचणाऱ्यानं धरून चालावं.

पार्श्वभूमी

चामर कुल म्हणजे गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा, शेपू यांचं कुल. जाती सुमारे ३,८००, प्रजाती चारशेच्या वर. छत्रीच्या काड्यांसारखा फुलोरा दिसला की नवशिक्याही कुल ओळखतो. पण कुल ओळखणं जितकं सोपं, आतल्या प्रजाती ओळखणं तितकंच अवघड. पाच सुट्या पाकळ्या, पाच पुंकेसर, अधःस्थ किंजपुट, दोन किंजदलं ही मांडणी शेकडो प्रजातींत जवळजवळ सारखीच आहे. फुलावरून फारसं काही कळत नाही, म्हणून वर्गीकरणाचा सगळा भार फळावर आला.

या कुलातलं फळ वाळलं की दोन फलांशांत तुटतं. प्रत्येक फलांशावर पाच मुख्य कंगोरे असतात आणि कंगोऱ्यांमधल्या खोबणींत तैलनलिका. कंगोऱ्यांचे पंख झालेत की काटे, फळ पाठीकडून चेपलंय की बाजूनं, एका खोबणीत नलिका एक की अनेक, हे प्रश्न विचारत ओळख पुढे सरकते. रॉबर्ट मॉरिसननं १६७२ मध्ये या एकाच गटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हाच फळाला मान मिळाला होता. पुढे कॉखनं १८२४ मध्ये आणि ड्रूडनं १८९८ मध्ये तीच वाट रुंद केली. ड्रूडची मांडणी जवळपास शंभर वर्षं टिकली. जगभरच्या हर्बेरियमांतल्या कपाटांची रचना बराच काळ तिच्यावरच बेतलेली होती.

१९९० च्या दशकात डीएनएचे क्रम वाचून वंशवृक्ष काढायला सुरुवात झाली आणि या मांडणीचे बरेच खांब कलले. पंख आणि काटे ही बी पसरवण्याची साधनं आहेत. वाऱ्यावर जायचं तर पंख हवेत, जनावराच्या केसांत अडकायचं तर काटे. अशी उपयोगी गोष्ट उत्क्रांतीत एकदाच घडते असं नाही. ती पुन्हा पुन्हा घडते आणि गरज सरली की जातेही. त्यामुळे सारखी फळं असलेल्या वनस्पती दूरच्या निघाल्या, आणि वेगळ्या फळांच्या वनस्पती सख्ख्या.

एक उदाहरण इथं पुरे. हायड्रोकोटिल आणि सेंटेला या दोन प्रजाती इतक्या जवळच्या मानल्या जात होत्या की आजच्या सेंटेला एशियाटिकाला लिनियसनं हायड्रोकोटिलमध्येच घातलं होतं. डीएनएनं दाखवलं की हायड्रोकोटिल चामर कुलाची नाहीच, ती शेजारच्या अरॅलिएसी कुलातली आहे. सेंटेला मात्र चामर कुलातच राहिली, आणि तिच्या उपकुलात पूर्वी अरॅलिएसीत मोडणारी मॅकिनलेया येऊन बसली. दोन घरांतली भांडी अदलाबदल व्हावीत तसा हा प्रकार झाला.

प्रश्न काय होता

आमचं काम एवढं मोठं नव्हतं. एका पर्वतीय प्रदेशाच्या वनस्पतिसूचीसाठी चामर कुलाची ओळखतालिका, म्हणजे प्रश्नामागून प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारी यादी, तयार करायची होती. पंखीत तीसेक जाती होत्या. फळं पाठीकडून चेपलेली, कडेच्या दोन कंगोऱ्यांना रुंद पंख. कंगोरीत चारच जाती, सगळ्या उंचावरच्या आणि बुटक्या. मुळं जाड, फळं जवळजवळ गोल, कंगोरे ठसठशीत पण पंख नाहीत. तालिकेतला पहिलाच प्रश्न ‘फळाला पंख आहेत का?’ हा होता आणि तो वर्षानुवर्षं नीट चालत होता.

अडचण एका नव्या संग्रहातून आली. पानं पंखीसारखी, चण कंगोरीसारखी आणि फळांना पंख म्हणावेत की रुंद कंगोरे, हे दोन जाणकारांनी दोन तऱ्हांनी सांगावं अशी एक वनस्पती एका खिंडीत मिळाली. आम्ही तिला ‘अधलीमधली’ म्हणू लागलो. तालिकेत तिला जागा नव्हती. बाईंनी विचारलं, “ही नवी जाती आहे, संकर आहे, की आपण घातलेली भिंतच खोटी आहे?” तिन्ही उत्तरं शक्य होती, म्हणून रेणवीय, म्हणजे डीएनएचं, काम करायचं ठरलं.

हाताशी ४६ हर्बेरियम शीट होत्या. त्यांतल्या काही ऐंशी वर्षांपेक्षा जुन्या होत्या. सिलिका जेलमध्ये वाळवलेली ताजी पानं अकरा संग्रहांचीच होती. पंखीच्या नऊ जातींचं डीएनए काढण्याजोगं काहीच नव्हतं. ही उणीव पुढे शेवटपर्यंत राहिली.

पहिला टप्पा: आयटीएस

सुरुवात कुठून करायची यावर वाद झाला नाही. या कुलात सर्वाधिक वाचलेला डीएनएचा तुकडा म्हणजे केंद्रकातल्या रायबोसोमी जनुकांमधला आयटीएस पट्टा. मधल्या ५.८एस जनुकासह त्याची लांबी सुमारे ६०० अक्षरं. केंद्रकात याच्या शेकडो-हजारो प्रती असल्यामुळे जुन्या, मोडक्या पानातूनही तो निघतो, आणि जेनबँक या सार्वजनिक डीएनए-साठ्यात तुलनेला भरपूर क्रम मिळतात. चामर कुलाच्या आजच्या टोळ्या (कुल आणि प्रजाती यांच्या मधले गट) आणि शाखा ठरवण्यात या इवल्या तुकड्याचा वाटा फार मोठा आहे.

पहिला वृक्ष आला तेव्हा खोलीत आनंद होता. कंगोरीच्या तीन जाती थेट पंखीच्या पोटात बसल्या होत्या. म्हणजे भिंत खोटी. पण चौथी जाती, क-१, भलत्याच टोळीत, पार दुसऱ्या फांदीवर जाऊन बसली होती. आणि क-१ साधी जाती नव्हती, तीच कंगोरीची प्रमाण जाती होती. प्रजातीचं नाव प्रमाण जातीला बांधलेलं असतं. ती जिथं जाईल तिथं नाव जातं.

सहकारीला हा मोठा शोध वाटला. “सर, तिन्ही जाती पंखीत घालू, आणि कंगोरी हे नाव त्या दुसऱ्या टोळीत जाईल. दोन महिन्यांत लेख होईल.” मीही मान डोलावली. क-१ ची फळं जरा निराळी आहेत असं माझं पूर्वीपासूनचं मत होतं. आपलं मत डीएनए बोलून दाखवतंय असं वाटलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

प्रश्न बाईंनी विचारला. क-१ चे नमुने किती? एक. पान शीटवर कुठून घेतलं? मी नोंदवही उघडली. पान शीटला चिकटवलेल्या पाकिटातून घेतलं होतं.

हर्बेरियम शीटवर एक छोटं कागदी पाकीट असतं. गळालेली फळं, तुटलेली पानं त्यात ठेवतात. प्रमाण जातीच्या दुर्मीळ नमुन्याला हात लावायला नको, म्हणून मी पाकिटातली सुटी पानं उचलली होती. हेतू चांगला होता. पण सुट्या पानाला देठ नसतो, म्हणजे ते याच झाडाचं आहे याची साक्षही नसते. आम्ही खोडाला चिकटलेल्या पानाचा जेमतेम नखाएवढा तुकडा घेण्याची लेखी परवानगी मागितली आणि काम पुन्हा केलं. तीन महिने गेले. नवा क्रम आला आणि क-१ मुकाट पंखीच्या शेजारी येऊन बसली. ती पंखीच्या आत आहे की बुंध्याशी, हे आयटीएसला ठरवता येत नव्हतं. त्या गाठीला बूटस्ट्रॅपचा, म्हणजे फांदी किती पक्की ते शंभरांत मोजणाऱ्या चाचणीचा, आधार जेमतेम ५८ होता.

पाकिटातलं पान कोणाचं होतं, त्याकडे शेवटी येतो.

या टप्प्यावर मी आज काय वेगळं करीन ते इथंच सांगतो. ज्या जातीवर प्रजातीचं नाव अवलंबून आहे तिचा नमुना एकच असेल, तर वृक्ष काढण्याआधी दुसरा शोधीन. मिळालाच नाही तर त्या जातीबद्दलचा निष्कर्ष कागदावर येऊ देणार नाही. प्रत्येक नमुन्याचं पान तोडण्याआधी आणि तोडल्यानंतर छायाचित्र घ्यायचं, हे त्या दिवसानंतर आमच्याकडे सुरू झालं. त्याआधी घेत नव्हतो याचं आता नवल वाटतं.

दुसरा टप्पा: हरितलवक वेगळंच सांगतं

एका पट्ट्यावर भागणार नाही हे ठरलेलं होतं. हरितलवकातला आरपीएस१६ जनुकाचा इंट्रॉन आणि आणखी दोन पट्टे मिळून सुमारे १,८०० अक्षरं वाचली. या वृक्षात पंखी आणि कंगोरी अशी विभागणी दिसलीच नाही. एकाच पर्वतरांगेतले नमुने, मग जाती कोणतीही असो, शेजारीशेजारी आले होते. झाडांना जातीऐवजी पत्त्यावरून रांगेत उभं केल्यासारखं दिसत होतं.

याचं एक ओळखीचं कारण आहे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक आईकडून येतं. दोन जातींचा संकर झाला आणि ती संतती पिढ्यानपिढ्या एकाच बाजूशी फळत राहिली, तर केंद्रकातले जनुक त्या बाजूचे होतात, पण हरितलवक पहिल्या आईचंच उरतं. खिंडी-खिंडींत असे संकर घडले असतील तर हरितलवकाचा वृक्ष जातींचा इतिहास न सांगता शेजाराचा इतिहास सांगणार. म्हणजे तो खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

आणखी एक शक्यता सहकारीनं तपासली, आणि तिचं श्रेय तिलाच. गाजराच्या हरितलवकात तंतुकणिकेतून आलेला डीएनएचा एक तुकडा आहे. सपुष्प वनस्पतींत तंतुकणिकेकडून हरितलवकाकडे डीएनए गेल्याचं ते पहिलं ठळक उदाहरण मानलं जातं, आणि तसाच तुकडा गाजराच्या जवळच्या जिऱ्यातही सापडतो. शिवाय या कुलात हरितलवकाच्या जीनोममधल्या उलट-पुनरावृत्त भागाच्या सीमा सरकलेल्या दिसतात. असा काही घोटाळा आपल्या पट्ट्यांत तर नाही ना? नव्हता. पण हरितलवकाचं डीएनए फार शांत, सरळ असतं असं गृहीत धरणाऱ्यानं चामर कुलात तरी धरू नये.

इथं आमच्या हातून दुसरी चूक होता होता राहिली. आयटीएस आणि हरितलवक जोडून एकच वृक्ष काढायची पद्धत बरीच रूढ होती. आम्हीही काढला. निकाल देखणा आला. कंगोरीच्या चारही जाती एकत्र, वेगळी शाखा, आधार ९४. जुनं वर्गीकरण बरोबर, नावं बदलायची गरज नाही, तालिकाही तशीच ठेवता येईल. मला तो वृक्ष फार आवडला.

बाईंनी दोन्ही वृक्ष शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, “हा ९४ कुणी दिला?” हिशेब उघड होता. हरितलवकाची अक्षरं तिप्पट होती, म्हणून मत त्याचं पडलं होतं. कंगोरीचे बहुतेक नमुने एकाच रांगेतले होते, म्हणून पत्त्यानं गोळा झालेला गट नात्याचा गट वाटत होता. दोन साक्षीदार परस्परविरोधी बोलत असताना त्यांची जबानी एका कागदावर उतरवली तर मोठ्या आवाजाचा जिंकतो. जोडलेला वृक्ष बाजूला ठेवला. तो लेखात गेला, पण ‘असं करू नये’ यासाठी.

कोणते पर्याय होते

आता नावांचा प्रश्न टाळता येत नव्हता. वंशवृक्ष नातं सांगतो. प्रजातीची सीमा कुठे आखायची ते तो सांगत नाही. एवढंच बंधन की प्रजातीत एका पूर्वजाची सगळी संतती यावी. ही अट पाळून सीमा अनेक ठिकाणी आखता येते.

पहिला पर्याय विलीनीकरणाचा. चारही जाती पंखीत घालायच्या. पंखीचं नाव कित्येक दशकं जुनं, म्हणून अग्रक्रमानं तेच टिकणार. याला भक्कम पूर्वोदाहरण आहे. २०१६ मध्ये गाजराच्या डॉकस प्रजातीची व्याप्ती अशीच वाढवली गेली. मदिरा बेटांवरच्या मेलॅनोसेलिनम आणि मोनिझिया या काष्ठमय खोडाच्या प्रजाती आणि केप व्हर्देची टॉर्नाबेनिया डॉकसमध्ये गेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्या गाजराच्या भावकीतल्या वाटणारही नाहीत. काट्यांची फळं आणि पंखांची फळं तिथं एकाच छपराखाली आली.

दुसरा पर्याय फोडणीचा. पंखीचे तीन-चार तुकडे करायचे, म्हणजे कंगोरी टिकते. यालाही उदाहरण आहे. प्यूसिडॅनम ही एके काळी शंभराहून अधिक जातींची प्रजाती होती. चेपलेल्या, पंखवाल्या फळांच्या जाती तिच्यात टाकल्या जात होत्या. डीएनएनंतर तिचे अनेक भाग वेगळे झाले. पण आमच्या प्रकरणात फोडणी केली तर वीसेक जातींची नावं बदलणार, आणि पंखीच्या आतल्या फांद्या इतक्या आखूड होत्या की तुकडे नेमके कुठे करायचे हेच पक्कं नव्हतं.

तिसरा पर्याय माझा होता. काहीही करू नका. नावं तशीच ठेवा, टीप लिहा, पुढची पिढी पाहील. सूचीची मुदत जवळ येत होती. तिसऱ्या पर्यायाला लोक आळस म्हणतात, पण चुकीचं नाव प्रसिद्ध झालं की ते वनस्पतिनामांच्या संहितेच्या इतिहासात कायमचं राहतं. काहीच न करणं निदान मागे घेता येतं.

चौथा पर्याय म्हणजे केंद्रकातल्या पुष्कळ जनुकांचा पुरावा. सपुष्प वनस्पतींसाठी ३५३ जनुकं नेमकी पकडून वाचू देणारा एक सामायिक सापळासंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि २०२१ पर्यंत चामर कुलाच्या वरच्या फांद्या त्यानं तपासून झाल्या होत्या. आखूड तुकडे पकडणारी पद्धत असल्यानं ती जुन्या हर्बेरियमच्या मोडक्या डीएनएलाही चालते. खर्च आणि वेळ मात्र दोन्ही जास्त. बाईंनी तिसरा आणि चौथा पर्याय जोडले. सूचीत जुनी नावं टिपेसह जातील, आणि नावांचा निर्णय सापळासंचाच्या निकालानंतर होईल. या निर्णयावर सहकारी बरेच दिवस नाराज होती. तिच्या कामाचं वर्ष कागदाविना जाणार होतं. तिची नाराजी रास्त होती. प्रमाण जातीचा घोळ माझा होता आणि त्याची किंमत तिनं मोजली.

काय केलं

वीस नमुने निवडले. कंगोरीच्या प्रत्येक जातीचे किमान दोन, अधलीमधलीचे दोन, उरलेले पंखीच्या वेगवेगळ्या फांद्यांतून. सतरा चालले. सर्वांत जुन्या शीटमधून निम्म्याहून कमी जनुकं हाती आली, पण तेवढीही पुरली. या वेळी सगळं एकत्र जोडण्यावर न थांबता प्रत्येक जनुकाचा वेगळा वृक्ष काढला आणि त्या वृक्षांतून जातींचा एक वृक्ष बांधला. किती जनुकं एखाद्या फांदीच्या बाजूनं आहेत आणि किती विरुद्ध, ते फांदीगणिक मोजलं.

पंखीच्या आत जनुकांचं एकमत नव्हतं. थोड्या काळात भराभर फुटलेल्या गटांत हे होतंच. पण आमच्या प्रश्नापुरती दोन उत्तरं स्वच्छ आली. क-२, क-३ आणि क-४ पंखीच्या आत, एका छोट्या फांदीवर एकत्र. आणि क-१ संपूर्ण पंखीची बहीण, आत मुळीच नाही. म्हणजे दुरुस्तीनंतरचा आयटीएसचा इशारा बरोबर होता, त्याचा आवाज तेवढा दुबळा होता.

अधलीमधलीची गोष्ट लवकर उलगडली. आयटीएसच्या आलेखात तिच्या बऱ्याच जागी दुहेरी शिखरं होती. प्रती वेगळ्या करून वाचल्या तेव्हा दोन प्रकारचे क्रम मिळाले. एक क-३ चा, दुसरा त्याच खिंडीतल्या एका पंखी जातीचा. आयटीएसच्या प्रती सहसा कालांतरानं एकसारख्या होत जातात. त्या अजून दोन दिसतात म्हणजे संकर ताजा. सापळासंचातल्या जनुकांतही दोन्ही बाजू दिसल्या. नवी जाती म्हणून नाव देण्याचा मोह तिथंच संपला.

मग बाईंनी मला पुन्हा फळांकडे पाठवलं. वृक्ष पाहून फळं पाहायची नाहीत, शीटचे क्रमांक झाकून पाहायची, ही त्यांची अट. पिकलेल्या फळांचे आडवे छेद घेतले. क-२, क-३, क-४ मध्ये प्रत्येक खोबणीत एकच तैलनलिका, पंखीसारखीच. कडेचे दोन कंगोरे पाठीवरच्या तिघांपेक्षा किंचित रुंद. पंख गळून गेल्यावर उरलेला तो ओठ. क-१ मध्ये मात्र एकेका खोबणीत तीन-चार नलिका, आणि पाचही कंगोरे सारखे. हे काही नवं नव्हतं. क-१ च्या मूळ वर्णनात नलिकांची संख्या लिहिलेली होती. पंख नाहीत एवढं दिसल्यावर पुढं कोणी मोजल्या नाहीत, त्यात मीही आलो.

निकाल

तीन जाती पंखीत गेल्या आणि कंगोरी एका जातीची प्रजाती म्हणून उरली. क-१ ला सुद्धा पंखीत ओढलं असतं तरी एका पूर्वजाची अट मोडली नसती. त्यावर दोन बैठका झाल्या. तैलनलिकांची खूण हाताशी असल्यानं वेगळं ठेवणं वापरणाऱ्याला सोपं, आणि एक नाव कमी बदलतं, या दोन कारणांनी ती वेगळी राहिली. उद्या कोणी ती विलीन केली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

नावं बदलणं हे कारकुनी काम वाटतं, पण तिथंही एक खड्डा होता. १९५३ पासून नव्या संयोगासाठी, म्हणजे जाती दुसऱ्या प्रजातीत नेल्यावरच्या नावासाठी, मूळ नावाचा संपूर्ण, थेट संदर्भ पानाच्या क्रमांकासह द्यावा लागतो. तो जुळवताना कळलं की क-४ चं जातिविशेषण (नावातला दुसरा शब्द) पंखीत आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं आहे. एकाच प्रजातीत दोघांना एक नाव चालत नाही. सुदैवानं क-४ चं एक विस्मरणात गेलेलं समानार्थी नाव होतं. त्याचं विशेषण वापरता आलं आणि नवं घडवावं लागलं नाही. हा शोध हर्बेरियमच्या कपाटातल्या एका जुन्या ओळखचिठ्ठीमुळे लागला.

अधलीमधली सूचीत ‘संकर, पालक अमुक आणि तमुक’ अशी नोंदली गेली. तालिकेतला पहिला प्रश्न बदलला. आता पंखांआधी तैलनलिका मोजाव्या लागतात. त्यासाठी पातं आणि भिंग लागतं, आणि रानात उभं राहून ओळख पटवणाऱ्यांना ते जाचक होतं. तक्रारी आल्या. एका बीजसंग्रहातून विचारणा आली की बाटल्यांवरची नावं आणखी किती वेळा बदलायची. त्यांना आम्ही जुन्या-नव्या नावांची जोडयादी पाठवली. ती मूळ लेखासोबतच द्यायला हवी होती.

काय राहिलं, काय वेगळं करता आलं असतं

पंखीच्या न तपासलेल्या नऊ जाती अजून तशाच आहेत. त्यांतल्या दोन बुटक्या आणि अरुंद पंखांच्या आहेत. त्या कुठे बसतील यावर क-२ ते क-४ ची फांदी किती मोठी ते ठरेल. प्रजातींच्या सीमेला त्यांनी धक्का लागेल असं मला वाटत नाही, पण हे मत आहे, पुरावा नाही.

कामाचा क्रम आम्ही उलटा लावला होता. छेद आधी घ्यायला हवे होते. चार जातींच्या फळांना दोन दिवस पुरतात. तैलनलिकांची विसंगती पहिल्याच आठवड्यात कळली असती, क-१ चे नमुने दोनऐवजी चार घेतले असते आणि ५८ च्या आधाराकडे बघून महिनाभर वाद घातला नसता. सहकारीचं म्हणणं यापेक्षा वेगळं आहे. तिच्या मते छेद आधी घेतले असते तर मी क-१ वेगळी म्हणून मोकळा झालो असतो, उरलेल्या तिघींना कंगोरीतच ठेवलं असतं आणि डीएनएची वेळच आली नसती. तिचं बरोबर असू शकेल.

पाकिटातलं ते पान. आयटीएसनं ज्या टोळीत टाकलं होतं तीच त्याची खरी टोळी होती, पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, भेसळ वगैरे काही झालेलं नव्हतं. संग्राहकाची वही दुसऱ्या एका संग्रहात मिळाली. क-१ ज्या दिवशी गोळा केली त्याच दिवशी, त्याच उतारावर, पुढच्याच क्रमांकाची चामर कुलातली आणखी एक वनस्पती नोंदलेली आहे. नोंदीतलं पानांचं वर्णन पाकिटातल्या तुकड्यांशी जुळतं. त्या क्रमांकाची शीट आम्हाला कुठल्याही कपाटात सापडली नाही. बहुधा दाबणीतून काढताना दोन्हींची पानं मिसळली असावीत. आता पाकिटातली ती पानं वेगळ्या पुठ्ठ्यावर लावली आहेत, वहीतल्या क्रमांकासह. त्या उतारावरून त्या वनस्पतीची आम्हाला माहीत असलेली दुसरी नोंद नाही.